खोटी मेट्रन

आई, रविवारी मी वेरूळच्या वरच्या माळावर जाऊन आले. दिवाळी होऊन गेली, तरी आपल्या गल्लीतले आकाशकंदील अजून कुणी उतरवलेले नाहीत. गवत पिवळं पडून आडवं झालंय, सकाळी स्वेटर घालावा लागतो आणि ऊन वर आलं की काढावा लागतो. म्हणजे तुझा हंगाम. पावसाळा संपता संपता सगळे हौशी लोक फुलपाखरं बघायला बाहेर पडतात आणि ती कमी व्हायला लागली की घरी बसतात. तू तेव्हा बाहेर पडायचीस. एसटीच्या पाट्यांवर आता छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं. तू औरंगाबादेत वारलीस, मी संभाजीनगरात राहते, आणि घर मात्र तेच आहे, मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडचं, गाडी आली की मांडणीतली भांडी थरथरणारं. तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती एकदम सांगायला मला जमणार नाही, म्हणून आधी बाकीचं लिहिते. तुला घाई असायचं आता काही कारण नाही.

दवाखान्यातून निवृत्त होऊन तुला फार दिवस झाले नव्हते. जन्मभर ऑपरेशन थिएटरात उभी राहिलेली बाई रिकामी बसली की तिचं काय होतं, याची मला काळजी वाटायची. बाबाही नव्हते. तू काय केलंस, तर धंदा गुंडाळणाऱ्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याचा जुना कॅमेरा घेऊन आलीस. शेजारच्या काकूंनी विचारलं, "नातवंडांची तयारी वाटतं?" तू म्हणालीस, "नाय, फुलपाखरांचे काढणारे." त्यांना ती चेष्टा वाटली. मलाही वाटली. मी तेव्हा जालन्याला सासरी होते आणि तू हे फोनवर सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, फुलपाखरंच का? तू म्हणालीस, "जन्मभर माणसाचं आतलंच बघितलं. आता जरा बाहेरचं बघते." आणि फोन ठेवलास.

गणपती बसायच्या आधी मी जालन्याहून परत आले. एक सुटकेस आणि शिवणयंत्र. तू दार उघडलंस, सुटकेस आत घेतलीस आणि विचारलंस, "जेवलीस का?" दुसरं काही विचारलं नाहीस. गल्लीतल्या बायका मात्र रोज येत होत्या. कुणी म्हणायचं, होईल सगळं नीट, कुणी म्हणायचं, थोडं सोसावं लागतंच. मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली असायचे. तू त्यांना चहा करून द्यायचीस आणि म्हणायचीस, "तिची तब्येत बरी नाय, झोपू द्या." दसरा झाला, दिवाळी झाली. मी अंघोळसुद्धा तू पाणी काढून ठेवलंस की करायचे. मग एका रविवारी, उजाडायच्या सुमाराला, तू माझ्या अंगावरची गोधडी ओढलीस.

"ऊठ. ताट धरायला माणूस पाहिजे."

मला आधी कळेचना. तू घासून घासून पांढरं पडलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, जुनं ताट पिशवीत घालत होतीस. फुलपाखरू पंख मिटून बसलं की त्याच्या पोटाकडची बाजू अंधारात जाते. खालून ताट तिरकं धरलं की त्यावरून उन्हाचा उजेड वर जातो. स्टीलचं ताट चमकतं आणि फुलपाखरू उडतं, जर्मनचं मंद असतं. हे सगळं तू मला बसमध्ये समजावून सांगितलंस, एखाद्या नव्या सिस्टरला ट्रॉली कशी लावायची ते सांगावं तसं. मी खिडकीबाहेर बघत होते. ऐकत नव्हते असं तुला वाटलं असेल, पण बघ, अजून सगळं आठवतंय.

त्या दिवशी आपण मकबऱ्यामागच्या माळावर गेलो होतो. तू नऊ-साडेनऊच्या कोवळ्या उन्हात बाबांचा तपकिरी स्वेटर साडीवर चढवून चक्क पालथी झोपली आहेस, कोपरं जमिनीत रोवली आहेत, चष्मा कपाळावर. मी ताट धरून उकिडवी बसले आहे. तेवढ्यात वाटेनं सायकल हातात धरून चाललेला एक दाढीवाला म्हातारा माणूस सायकल टाकून धावत येतो. "या अल्ला! क्या हुआ खाला को? चक्कर आयी क्या?" तू मान न वळवता म्हणतेस, "कुछ नक्को हुआ. हल्लू बोलो भाईजान, उड जाती." तो बिचारा तिथंच खाली बसला. तुझा फोटो काढून होईपर्यंत तोंडावर हात ठेवून बसला होता. मग उठताना मला हळूच म्हणाला, "अम्मा का खयाल रखो बेटा." मी मान डोलावली. सगळे माझी काळजी घेत होते, आणि हा पहिला माणूस होता ज्यानं मला कुणाची तरी काळजी घ्यायला सांगितलं.

तुझी फुलपाखरांची नावं आठवली की अजून हसू येतं. डॉक्टरांनी निरोपाच्या वेळी दिलेलं इंग्रजी पुस्तक तुझ्याकडं होतं, पण त्यातली नावं तुझ्या जिभेवर बसायची नाहीत. मग तू आपला दवाखानाच तिकडं नेलास. पांढरी, नीटनेटकी, सारखी घाईत असणारी ती सिस्टर. काळ्या अंगावर मोठे पांढरे चांदवे असलेला, एकाच दगडावर रुबाबात बसून बाकीच्यांना हाकलणारा तो सर्जनसाहेब. आणि केशरी अंगाची, काळ्या काठाची, सगळ्या सिस्टरांच्या वर असल्यासारखी संथपणे सगळीकडं फिरणारी ती मेट्रन. मेट्रन चवीला कडू असते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत, हे तू पुस्तकात वाचलं होतंस आणि तुला ते फार पटलं होतं. पण तुझा जीव अडकला होता तो खोट्या मेट्रनमध्ये. सर्जनसाहेबाची बायको म्हणे मेट्रनचं सोंग घेते; तसाच केशरी रंग, तोच काळा काठ, म्हणजे पक्षी फसतात. ओळखायची खूण एवढीच, की खऱ्या मेट्रनच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, खोटीच्या नसतात. त्या सगळ्या हंगामात आपल्याला केशरी काही दिसलं की तू वाकून ठिपके बघायचीस आणि म्हणायचीस, "खरीच हाय. चल पुढं."

उशिराच्या दिवसांत फुलपाखरं फाटलेली असतात. पंखाचा कोपरा पक्ष्यानं नेलेला, रंग उडालेला. मी एकदा म्हटलं, असल्याचा कशाला फोटो, रोल वाया जाईल. तू कॅमेरा डोळ्याला लावूनच म्हणालीस, "गारठ्यात ही उन्हाला पंख उघडून बसत्यात, पळत नायत. मला बी पळवत नाय. आमचं बरं जमतं." फाटक्या पंखांचा आणि माझा संबंध तू कधी जोडला नाहीस. जोडला असतास तर मी दुसऱ्या रविवारी आले नसते. फक्त एकदा, पार चिंध्या झालेलं एक निळं फुलपाखरू बघताना, तुझ्यातली जुनी सिस्टर बोलली: "यांना टाके घालता येत नायत, नाय तर घातले असते."

आणि तुझं ते रागावणं. म्हैसमाळच्या पठारावर वारा सुटला होता. मला सकाळपासून भरून येत होतं, आणि ताट धरलेलं असतानाच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात हलले, उजेड हलला, फुलपाखरू उडालं. तू वळून बघितलंस. मला वाटलं आता जवळ घेशील. तू म्हणालीस, "रडायचं तर ताट खाली ठेवून रड. दोन्ही एकदम करू नको." मला इतका राग आला की क्षणभर रडूच थांबलं. मग मी ताट खाली ठेवलं, दगडावर बसले आणि मन भरेपर्यंत रडले, आणि तू पलीकडं पाठ करून थर्मासमधला चहा ओतत उभी राहिलीस. नंतर कप हातात दिलास. त्यात साखर जास्त होती.

खरं बोलणं झालं ते स्वयंपाकघरात. माळावरून आलो की साड्यांच्या काठांना, परकरांना कुसळं चिकटलेली असायची. संध्याकाळी आपण फरशीवर पाय पसरून बसायचो आणि ती एकेक उपटून परातीत टाकायचो. गॅसवर वरण शिजत असायचं, फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी तुझे फिल्मचे रोल. अशाच एका संध्याकाळी, कुसळाकडं बघत, मी तुला सांगितलं. त्यानं मला कधी मारलं नाही. शिवी दिली नाही. तो माझ्याशी बोललाच नाही. घरच्यांनी जबरदस्तीनं लग्न लावलं म्हणून त्यानं तो सगळा राग माझ्यावर न बोलून काढला. मीठ हवं असलं तर त्याच्या आईला सांगायचा, ती मला सांगायची. दिवसच्या दिवस मला माझा आवाज ऐकू यायचा नाही. एकदा तर मी न्हाणीघरात नळ सोडून स्वतःचं नाव मोठ्यानं म्हणून बघितलं होतं. आणि त्याची आई म्हणायची, तुलाच बोलतं करता येत नाही त्याला.

तुझी बोटं थांबली नाहीत. परातीत कुसळं पडत राहिली. मग तू म्हणालीस, "उद्या वकिलाकडं जाऊ."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की. त्यांना तोंडं हायती. वरणाकडं बघ, खाली लागंल."

मी उठून गॅस बारीक केला. त्या रात्री मी आपणहून जेवायला वाढून घेतलं होतं.

पुढच्या वर्षी, पुन्हा थंडीच्या तोंडावर, कोर्टात शेवटची तारीख होती. दोघांच्या संमतीचं होतं, भांडण उरलं नव्हतं, तरी मी कागद पुन्हा पुन्हा मोजत होते. तू डबा भरून घेतला होतास, कारण कोर्टात किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि कॅमेरा पिशवीत होता तो केवळ सवयीनं. आवारात लिंबाच्या झाडाखाली आपण बसलो होतो. पलीकडच्या बाकावर तो, त्याचा मामा आणि त्याची आई. बाई चांगल्या अंगापिंडानं भरलेल्या, त्या दिवशी केशरी साडी नेसलेल्या, काळ्या काठाची. ते आपल्याकडं बघत नव्हते, आपण त्यांच्याकडं बघत नव्हतो. मधे झेंडूचा वाफा. आणि तू एकदम माझा दंड धरलास, कधी नव्हे इतक्या मोठ्यानं म्हणालीस, "अगं, ती बघ! खोटी मेट्रन!"

सगळं आवार वळून बघायला लागलं. बाईंनी आधी मागं बघितलं, मग आपल्या साडीकडं, आणि मग भावाला म्हणाल्या, "कुणाला म्हणायली ही?" तू तोवर वाफ्याशी गुडघे टेकून बसली होतीस. झेंडूवर ती बसली होती, एका बाजूचा मागचा पंख अर्धा गेलेला, पण उरलेल्यावर ठिपका नव्हता. "ताट," तू मागं हात केलास. ताट कुठलं असणार. "मग झाकण दे डब्याचं! लवकर!" मी डब्याचं झाकण काढलं, त्याला आतून मेथीची भाजी लागलेली होती, ती पदरानं पुसली आणि तुझ्या शेजारी जाऊन बसले. कोर्टात. त्याच्यासमोर. त्याच्या आईसमोर. एक हवालदार आला आणि म्हणाला, "मावशी, इथं फोटो काढता येत नाय." तू म्हणालीस, "तुमचा नाय काढायले दादा. हिचा काढायले."

"कुणाचा?"

"हिचा. ही मेट्रन नाय, पण मेट्रनवाणी दिसती."

हवालदारानं वाकून फुलपाखराकडं बघितलं, मग मान वर करून केशरी साडीकडं बघितलं, आणि त्याची मिशी हलायला लागली. मला तेव्हा जे हसू फुटलं, आई, ते आतून कुठून आलं कोण जाणे. मी झाकण हातात धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तू दातओठ खात म्हणत होतीस, "हलू नको, हलू नको गं!" समोर तो उभा राहिला होता. वर्षभर एकत्र राहून त्यानं मला हसताना कधी बघितलं नव्हतं, मीही हसले नव्हते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पहिल्यांदा, सगळं संपायच्या दिवशी, माझ्याशी बोलला. "सांभाळून राहा," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्हीपण." मनात काही नव्हतं. तेवढ्यात पुकारा झाला.

फोटो धुऊन आले तेव्हा क्रांती चौकातला स्टुडिओवाला नेहमीसारखाच म्हणाला, "बाई, सगळ्या रोलमध्ये एक माणूस नाय." पण त्या दिवशी एक होतं. केशरी फराटा, त्यात काही ओळखू येत नाही, आणि कोपऱ्यात डब्याचं झाकण धरलेली माझी बोटं. मला वाटलं तू चिडशील, गेल्या हंगामापासून वाट बघितलेली ती खोटी मेट्रन अशी पुसली गेली म्हणून. तू तो फोटो शोकेसमध्ये सगळ्यांत पुढं ठेवलास. कुणी विचारलं की सांगायचीस, "कोर्टातला हाय. आमची पोरगी हसली त्या दिवशीचा."

त्यानंतरचं तुला ठाऊकच आहे. मी ग्रंथालयाचा कोर्स केला, कॉलेजात लागले. त्या पहिल्या दिवशी तू मला कॅनव्हासचे बूट आणलेस, साडीवर घालायचे, कुसळं टोचू नयेत म्हणून. मी म्हटलं, आई, मी कॉलेजात चाललेय, माळावर नाही. तू म्हणालीस, "रविवार येतोच की." तुझे रविवार संपले तेव्हा मे महिना होता. बाहेर एक फुलपाखरू नव्हतं, नुसता उन्हाचा लोळ. तू झोपेतच गेलीस, आणि जिथं आयुष्य काढलंस त्या दवाखान्याची पायरीसुद्धा तुला चढावी लागली नाही. मला त्याचं बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचं वाईटही वाटतं.

तुला कळलेली नसतील अशी काही नावं मी नंतर शिकले. रविवारी फिरायला जाणारा एक गट आहे, त्यातल्या पोरांकडून. तुझी मेट्रन म्हणजे बिबळ्या कडवा. सर्जनसाहेब म्हणजे चांदवा. आणि आपल्या दारातल्या आंब्याभोवती दर हिवाळ्यात एक यायचं, पांढरं, त्यावर पिवळं आणि लाल, ज्याला तू कधी नाव दिलं नाहीस, त्याला हळदीकुंकू म्हणतात. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन दारात बराच वेळ उभी राहिले. बाबा गेल्यावर संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या घरी बायका जायच्या आणि तू मुद्दाम नाइट ड्यूटी मागून घ्यायचीस. आणि हे आपलं न बोलावता येऊन बसायचं.

आता ती गोष्ट. त्या गटात एक गृहस्थ येतात. रेल्वेत होते, आपल्याच स्टेशनवर काही वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसलेले. तूही त्यांच्याकडून कधी तिकीट काढलं असशील. बायको आजारानं गेली, मुलगा पुण्याला असतो. त्यांना पक्ष्यांचा नाद. पक्षी फुलपाखरं खातात, त्यामुळं आमचं पहिलं बोलणं म्हणजे वादच होता. मग गट दरवर्षी पावसाळ्यानंतर विरत असला तरी आम्ही दोघं जात राहिलो, दोन थंड्या झाल्या. बोलणारा माणूस आहे, आई. उगाच बडबड करणारा नव्हे. चहा प्यायला तर चहाबद्दल बोलतो, रस्त्यात खड्डा आला तर खड्ड्याबद्दल. आजारी बायकोला जेवू घालता घालता स्वयंपाक शिकलेत. मी काही विचारलं तर थांबून, नीट विचार करून उत्तर देतात. तुला वाटेल ही काय एवढी मोठी गोष्ट. तुला वाटणार नाही असं, मला माहीत आहे.

रविवारी वेरूळच्या माळावर आम्ही भाकरीचं फडकं सोडून बसलो होतो. ते ठेचा वाढत होते. म्हणाले, "एक बोलू का? तुम्ही तिकडं एकटीसाठी कुकर लावता, मी इकडं एकट्यासाठी लावतो. दोन्ही अर्धे रिकामे." मी म्हटलं, "मग?" तर ते भाकरीकडंच बघत म्हणाले, "मग काय. एकच लावला असता. मुलाला विचारून झालंय, तो म्हणाला, लवकर विचारा. तुम्ही नाही म्हटलं तरी रविवार चालू राहतील, त्याची काळजी करू नका." मी हातातली भाकरी खाली ठेवली. म्हटलं, "विचार करून सांगते." ते म्हणाले, "सावकाश." आणि मग खरंच झुडपातल्या कुठल्याशा पक्ष्याबद्दल बोलायला लागले, बोलता बोलता मला ठेचा मात्र दुसऱ्यांदा वाढून गेले.

उतरताना त्यांच्या स्कूटरवर मागं बसले होते. खुलताबादचा घाट लागला, वारा कानात भरला होता. विचार करायचा म्हणून करायला गेले तर सापडेना करायला काही. मी म्हटलं, "बरं." त्यांना हेल्मेटमध्ये ऐकू गेलं नाही. "काय?" मी मोठ्यानं म्हटलं, "बरं म्हटलं मी!" त्यांनी स्कूटर कडेला घेतली, स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि तिथं उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी उभे राहून म्हणाले, "पुन्हा एकदा म्हणा." रसवाला बघत होता. मी पुन्हा म्हटलं.

नोंदणी पुढच्या महिन्यात करू असं चाललंय. कॉलेजात अजून कुणाला सांगितलेलं नाही, शेजारच्या काकूंच्या सुनेलाही नाही. कसं सांगायचं तेच कळत नाही. तुला सांगून बघितलं तर सोपं जाईल, असं वाटलं म्हणून बसले. निवृत्तीला आलेली बाई मी, केस पांढरे झालेत, आणि खरं सांगते आई, लिहिता लिहिता मघाशी कुणी नसताना उठून मी दार लावून घेतलं, इतकी लाज वाटली.